चिंचोक्यांचा क्लोरीन

तेव्हा घरात कोण कोण होतं ते आधी सांगून टाकते. मी होते. आमचे हे होते. सासूबाई होत्या, त्यांना मी आई म्हणायचे. धाकटे दीर होते, भावजी, ते वरच्या खोलीत राहायचे; त्यांची बायको तेव्हा बाळंतपणाला माहेरी, लोणी काळभोरला गेलेली. आणि माझी लेक, एकुलती एक. लेकीच्या शाळेतल्या शास्त्राच्या बाई येऊन-जाऊन असायच्या, त्यांना घरातलंच धरा. नावं घालत नाही. निम्मी माणसं आता नाहीत, आणि जी आहेत त्यांना आवडायचं नाही.

मी चौथी शिकलेली. काही इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

आमचं घर कसब्यात, तांबटांच्या आळीत. सकाळी हातोडे सुरू झाले की दिवेलागणीपर्यंत थांबायचे नाहीत. बंब, हंडे, घंगाळी. नवीन आलेली सून पहिले काही दिवस कपाळाला पट्टी बांधून बसायची, मग तिलाही कमी ऐकू यायला लागायचं आणि ती आळीची व्हायची. आमच्या ह्यांचे कान चाळिशीच्या आतच गेले. माझेही पुष्कळ गेलेत. त्यामुळे आमच्याकडे हळू असं कुणी बोलतच नाही. बाहेरून जाणाऱ्याला आमच्या गप्पा आणि आमची भांडणं सारखीच.

अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी नुकती आली होती. लेक दहावीला होती. परीक्षेचा फॉर्म भरून झाला होता, आणि त्यानंतर ते झालं.

भांडं भट्टीवर तापवलं की काळं पडतं. मग ते आसिडच्या पाण्यात बुडवायचं, म्हणजे काळं सुटून गुलाबी तांबं वर येतं. त्यावर चिंच लावून घासायचं. आसिड ह्यांच्याकडे, चिंच आम्हा बायकांकडे, अशी वाटणीच होती. त्या दिवशी ह्यांना ताप होता आणि गिऱ्हाईक ओट्यावर येऊन बसलं होतं. लेकीने सांडशीत घंगाळ धरलं आणि बुडवलं. ते निवलं नव्हतं. पाणी उसळलं ते सगळं तिच्या तोंडावर.

मी चिंच कोळत होते. तिची किंकाळी ह्यांनाही ऐकू आली. त्यावरून काय ते समजा.

सासूबाई ओरडत होत्या, "दूध घाला डोळ्यांत, दूध!" मी हौदातून तांब्यावर तांब्या पाणी ओतत होते. टांग्यात घालून मोठ्या दवाखान्यात नेली. पुष्कळ दिवस पट्ट्या होत्या. पट्ट्या काढल्या तेव्हा डॉक्टरांनी तिला विचारलं, "बाळ, खिडकी कुठे आहे?" तिने दाराकडे बोट केलं.

मी रडले नाही. रडायला वेळ असावा लागतो. घरी आणली, जेवायला वाढलं, आणि ताटात वरण कुठे आहे नि भात कुठे आहे ते तिचा हात धरून दाखवलं.

भावजी वाईट नव्हते, हे सांगायलाच पाहिजे. दवाखान्यात डबे त्यांनीच पोचवले. पण एक दिवस खाली येऊन म्हणाले, "वहिनी, आता हे परीक्षेचं खूळ सोडा. लोणीला माझ्या सासऱ्यांचा मळा आहे. तिथे राहील. गुरंढोरं आहेत, मोकळी हवा आहे, दोन वेळचं मिळेल. आणि उगीच चारचौघांच्या नजरेला पडणार नाही."

त्यातलं शेवटचं मला लागलं. पोर आतच बसली होती. तिनेही ऐकलं.

शास्त्राच्या बाईंनी कुठून तरी चौकशी करून आणली होती. डोळे नसलेल्या मुलींना टेलिफोनवर बसायचं, म्हणजे लोकांचे फोन जोडून द्यायचं, शिकवतात, राहायची सोय करतात, पुढे नोकरीही लागते. पण दहावी पास पाहिजे. आणि फॉर्म भरलेला असल्यामुळे विषय बदलता येणार नव्हते. शास्त्र घेतलेलं, ते द्यायलाच हवं.

लेक आतून मोठ्याने म्हणाली, "काका, मी मार्चमध्ये पास झाले तर?"

"झालीस तर मी तोंड उघडणार नाही."

"आणि नाही झाले तर?"

"मग लोणी."

हे म्हणाले, "काय म्हणतोय तो?" मी त्यांच्या कानाशी जाऊन सगळं परत ओरडून सांगितलं. त्यांनी मान हलवली. ठरलं ते असं.

वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण दुपारी घरात वाचता येणारी मी एकटीच. चौथीनंतर मी काय वाचलं होतं? पंचांग, आणि वाण्याच्या पुडीचा कागद. भूगोल, इतिहास निभावलं. मराठी तर आपलंच. पण शास्त्राच्या पुस्तकात एक धडा असा होता की त्यातला एक शब्द माझ्या दाताखाली खड्यासारखा यायचा. आयनीभवन ऊर्जा.

"आय... नी... भव... न..."

"आई, तोडू नकोस गं. तू तोडलंस की माझ्या डोक्यातही तुटतं."

"मग तूच सांग काय आहे ते. मला कळलं तर मला वाचता येईल."

ती सांगायला लागली. प्रत्येक वस्तू अणूंची असते. अणूच्या मधोमध एक गाभा असतो. त्याच्याभोवती लांब लांब कक्षा, आणि त्या कक्षांमध्ये इलेक्ट्रॉन. पहिल्या कक्षेत दोन बसतात. दुसरीत आठ. मधला गाभा त्यांना धरून ठेवतो. सगळ्यांत बाहेर जो असतो त्याला ओढून काढायला जेवढा जोर लागतो, ती आयनीभवन ऊर्जा.

"कोण ओढतं त्याला?"

"उष्णता ओढते. वीज ओढते. कुणीही."

"आणि कशासाठी ओढायचा? बसलाय बिचारा तर बसू दे की."

ती हसली. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. मग म्हणाली, "सोडिअमच्या बाहेर एकच असतो, आई. एकटा. गाभा लांब पडतो, आणि आतले दहाजण मधे आड येतात. म्हणून तो पटकन जातो. पण तो एक गेला की आतल्या आठांतला काढायला जा. हलत नाही. फार जोर लागतो."

मी वाचत गेले, ती सांगत गेली, आणि हे सगळं हातोड्यांच्या वर आवाज काढून. शेजारीण हौदावर भेटली तर म्हणाली, "काय हो, यंदा दहावीला आळीतली भांडीसुद्धा बसवणार वाटतं. आमच्या हंड्याला पाठ झालंय, सोडिअमच्या बाहेर एक." मी म्हटलं, "हंडा पास झाला तर पेढे आणा." तिला हसू आलं, मलाही आलं. त्या दिवसांत येईल तेवढं हसून घ्यायचे मी.

पण ऐकून भागेना. बाई म्हणाल्या, हे चित्र डोक्यात बसायला पाहिजे. कुठल्या कक्षेत किती, हे ती विसरत होती. पूर्वी वहीत काढायची, आता वही कुठली.

ह्यांना काय वाटलं कोण जाणे. कुणी काही सांगितलं नव्हतं. एक दिवस ह्यांनी तांब्याचा गोल पत्रा कापला, कैवाराने त्यावर एकाबाहेर एक गोल आखले, आणि मागच्या बाजूने ठोकून ठोकून ते गोल पुढे उचलून आणले. मधोमध एक जाड खिळा मारला. पत्रा लेकीच्या मांडीवर ठेवला. तिने बोटं फिरवली. खिळा, मग पहिला गोल, दुसरा, तिसरा, चौथा.

ती ओरडून म्हणाली, "बाबा, हे कक्षा आहेत!"

"काय?"

"कक्षा!"

"हां," हे म्हणाले, आणि पुन्हा बंबाला लागले.

इलेक्ट्रॉन म्हणून चिंचोके घेतले. आमच्याकडे चिंच म्हणजे पोत्याने, त्यामुळे चिंचोक्यांना काय तोटा. मेणाचा बारीक ठिपका लावून ते बसवायचे, म्हणजे घरंगळत नाहीत. मी पुस्तकात बघून मांडायची, ती बोटांनी मोजायची. सोडिअम म्हणजे दोन, आठ, एक. क्लोरीन म्हणजे दोन, आठ, सात. मी कामाला उठले की पत्रा तिच्या पुढ्यात तसाच राहायचा आणि ती चाचपत, पुटपुटत बसायची.

आता सासूबाईंचं सांगते. लेकीचे डोळे गेल्यापासून त्यांना रिकामं काही सोसत नव्हतं. तिन्हीसांजेला घरात एकही भांडं रितं ठेवायचं नाही, डब्यात तांदूळ नसले तर तळाला पाच दाणे तरी टाकायचे. कोनाड्यातला देव घासायला काढला तर त्या जागी सुपारी ठेवायच्या. रांगोळीचा ठिपका सुटला तर घरात उणं येतं, असं त्या पहिल्यापासून म्हणायच्या, पण आता त्या वाटेत कुणाच्या दारातल्या रांगोळीतही ठिपका सुटलेला दिसला तर वाकून भरायच्या. आम्ही काही बोललो नाही. म्हातारं माणूस, त्यांचं दुःख त्यांच्या पद्धतीने.

एक दिवस बाई आल्या. म्हणाल्या, तोंडी घेते. लेक ताठ बसली. खूप अभ्यास केला होता तिने.

"क्लोरीनचं इलेक्ट्रॉन संरूपण सांग."

"दोन, आठ, आठ."

"नीट विचार कर."

"बाई, दोन, आठ, आठ. मी रोज मोजते."

"अगं, बाहेर आठ भरले तर तो आरगॉन झाला. त्याला कुणाशी काही देणंघेणंच नाही. क्लोरीनला सात."

"पुस्तकात आई सात वाचते, पण मांडते आठ. मला वाटलं आई वाचायला चुकते. बोटं कशी चुकतील?"

मी म्हटलं, "मी सातच मांडले."

बाईंनी पत्रा पुढे ओढला. बाहेरच्या गोलात आठ चिंचोके होते. सात मी मेणाने बसवलेले. आठवा नुसता ठेवलेला, कुंकवाचं बोट लागलेला.

सासूबाई जपाची माळ खाली ठेवून म्हणाल्या, "मी ठेवते तो. तुझी पाठ वळली की ठेवते. एक जागा उघडी असते तिथे. पोरीच्या पुढ्यात उघडी जागा कशी ठेवू मी?"

बाहेर हातोडे चाललेले. लेकीने पत्रा उचलला आणि भिंतीवर फेकला. चिंचोके सगळ्या घरभर झाले.

"डोळे गेले ते गेले," ती म्हणाली. "आता माझी बोटंही खोटी पाडलीत. आता मी कशावर विश्वास ठेवू? तुम्ही काय म्हणाल ते, मांडाल ते. मला काय कळणार आहे?"

त्यानंतर तिने अभ्यास सोडला. जेवणही जवळपास सोडलं. मी पुस्तक घेऊन बसले की ती भिंतीकडे तोंड करायची. आंधळी पोर भिंतीकडे तोंड करते तेव्हा फार वाईट वाटतं हो. तिला इकडे काय नि तिकडे काय, तरी करायची. भावजी येऊन बघून गेले. म्हणाले, "लोणीला निरोप धाडू का?" मी म्हटलं, "मार्च होऊ द्या." पण मनातून माझाही धीर सुटला होता. मी तिचे कपडे वेगळे काढून ठेवायला लागले होते, लोणीला न्यायला कुठले नि इथे ठेवायचे कुठले. असं मन असतं. वर सांगायला एक आणि हाताला दुसरं.

सासूबाईंनी काय केलं, तर घरभर वेचून चिंचोके गोळा केले. पत्रा ह्यांच्याकडून सरळ करून घेतला. आणि तो मांडीवर घेऊन रोज नातीच्या शेजारी बसायला लागल्या. बोलायच्या नाहीत. नातही बोलायची नाही. एके दुपारी मला चुलीपाशी ऐकू आलं. दोघींचे आवाज मोठेच, न ऐकून जाते कुठे.

"मला एवढं सांग. ती जागा उघडी का ठेवायची?"

"आजी, जा ना."

"जाते. सांगितलंस की जाते."

लेकीने भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं. मग चिडूनच म्हणाली, "ठेवायची नसते, ती असते. क्लोरीनच्या मधे, गाभ्यात, सतरा प्रोटॉन आहेत. सोडिअमच्या मधे अकरा. बाहेरची कक्षा दोघांची तिसरीच. मग ज्याच्या मधे जास्त त्याची ओढ जास्त. म्हणून क्लोरीन आपला एकही सहज सोडत नाही, आणि दुसऱ्याचा मात्र घेतो. त्या जागेत. तू ती जागा भरलीस तर तो घेईल कुठे?"

"म्हणजे ती भरायची, पण त्याची त्याने."

"हो."

"मी नाही."

"तू नाही."

सासूबाई म्हणाल्या, "बरं." त्यांनी पत्रा तिच्या मांडीवर दिला. "मांड तूच. मी हात लावायची नाही. तुझ्या आईलाही लावू देऊ नकोस."

त्या दिवसापासून चिंचोके लेकीनेच मांडले. चुकायची, पुन्हा मोजायची. मी फक्त वाचायचे. सासूबाई शेजारी बसायच्या, हात पदराखाली धरून. कधी कधी ते हात पदराखाली हलताना दिसायचे.

मग रायटरचा प्रश्न आला. डोळे नसलेल्याने सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, त्या लिहिणाऱ्याला रायटर म्हणतात. तो परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला पाहिजे असा नियम. आठवी-नववीच्या मुलींना विचारलं तर त्यांच्याही परीक्षा तोंडावर. एकीची आई म्हणाली, "आमच्या मुलीचं अक्षर छान आहे, पण ते तिच्या पेपरासाठी." बाई म्हणाल्या, "तुम्ही चौथी शिकलेल्या. तुम्हीच बसा. नियमात बसतं."

मी लिहायचा सराव केला. पाटीवर केला, कागद महाग. बोटं भांडी घासून घासून जाड झालेली, पेन्सिल त्यांत राहायची नाही. पण बसले.

आमचे सगळे पेपर वेगळ्या खोलीत झाले. ते बाईंनीच करवून घेतलं होतं, त्यांना आमचे आवाज माहीत होते. लेक मोठ्याने सांगायची, मला ऐकू यायचं, मी लिहायचे. हळू लिहायचे, पण मराठी झालं, इतिहास झाला, गणित तर आकड्यांचंच.

शास्त्राच्या दिवशी त्या खोलीत कांजिण्या आलेली एक मुलगी बसवली होती. तिला कुठे बसवणार? आम्हाला मोठ्या वर्गात कोपऱ्यात जागा दिली. वर्गावरच्या बाई म्हणाल्या, "हळू बोलायचं हं."

लेकीने हळू सांगितलं. मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "काय?" अख्खा वर्ग वळला. तिने थोडं मोठ्याने सांगितलं. तरी मला आलं नाही. ती तोंड माझ्या कानाशी आणायची तर वर्गावरच्या बाई म्हणायच्या, लांब बसा. शेवटी ती घरी सांगते तसं बोलली. पुढच्या बाकांवरच्या मुली माना खाली घालून भराभर लिहायला लागल्या.

"अहो, तुम्ही उत्तरं लिहिताय का वर्गाला सांगताय?" त्या बाई धावत आल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मग मोठ्या सरांना विचारायला शिपाई गेला. सर जागेवर नव्हते. त्यांना शोधून आणलं. परवानगी मिळाली, मग बाक उचलून व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीपाशी ठेवला. तोवर घड्याळ थांबलं नव्हतं. आम्हाला कुणी वेळ वाढवून दिला नाही आणि मागायचा असतो हे आम्हाला माहीत नव्हतं.

व्हरांड्यात मी जिवाच्या आकांताने लिहिलं. कुठे काना राहिला, कुठे रेघ. लेकीला सगळं येत होतं. ती सांगून पुढच्या प्रश्नावर जायची आणि मी अजून मागच्या ओळीत. ती विचारायची, "झालं?" मी म्हणायचे, "थांब." "झालं?" "थांब गं." ती थांबायची. तिचे हात मांडीवर, बोटं हलत होती, चिंचोके मोजत असल्यासारखी.

घंटा झाली. दोन प्रश्न राहिले होते. त्यातला एक, सोडिअम आणि पोटॅशियम यांत कुणाची आयनीभवन ऊर्जा कमी, कारण लिहा.

वर्गावरच्या बाईंनी येऊन माझ्या हाताखालून पेपर काढून घेतला. मी सोडला.

लेक विचारते, "गेला का पेपर?"

"गेला."

मग ती उभी राहिली आणि त्या रिकाम्या व्हरांड्यात मोठ्याने म्हणाली, "पोटॅशियमची कमी. पोटॅशियम म्हणजे दोन, आठ, आठ, एक. बाहेरचा एक चौथ्या कक्षेत. सोडिअमचा तिसरीत. चौथी कक्षा गाभ्यापासून जास्त लांब, मधे आडोसाही जास्त, म्हणून ओढ कमी पोचते. म्हणून तो काढायला कमी जोर लागतो."

त्या बाई पेपरांचा गठ्ठा बांधत होत्या. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे." आणि गाठ मारली.

आम्ही चालत घरी आलो. मंडईपाशी तिने विचारलं, "आई, पास होईन का?" मी म्हटलं, "बघू." मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलायची ती जागा नव्हती.

निकाल लागला. बाकी सगळ्यांत पास, शास्त्रात नापास. बाई स्वतः सांगायला आल्या. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

लेक म्हणाली, "जे दोन राहिले त्यांचेच मार्क गेले ना?"

"हो."

"मला येत होते."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

भावजींनी शब्द पाळला. त्यांच्या ओळखीच्याचा टेम्पो मंडईतून माघारी जाताना रिकामा जायचा, त्यात तिला बसवली. जाताना ती रडली नाही, माझ्यावर गेली आहे. पत्रा न्यायचा म्हणाली नाही. मीच तिच्या गाठोड्यात घातला. सासूबाईंनी चिंचोक्यांची पिशवी दिली. हे दुकानात खाली मान घालून ठोकत राहिले. टेम्पो वळला तरी ठोकत होते. त्या बंबाला त्या दिवशी पोचे पडले, तो कुणी घेतला नाही.

ऑक्टोबरला एका विषयाला पुन्हा बसता येतं, हे बाईंनी सांगितलं. रायटर मात्र दुसरा बघा म्हणाल्या. "ऐकू येणारा."

मी सगळ्या पेठेत हिंडले. शहाण्यासुरत्या लोकांच्या दारात. एक जण म्हणाले, "आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी कुणी घरी नसतं, आणि इतर दिवशी कुणाला सुट्टी नसते." एका बाईंनी पाणी दिलं, बसवलं, चौकशी केली, आणि शेवटी म्हणाल्या, "काय करायचंय आता शिकून?" माझं पाणी पिऊन झालं होतं, म्हणून उठले. रविवारी एसटीने लोणीला जायची, मळ्यात आंब्याखाली बसून तिला तोच धडा वाचून दाखवायची. ती ऐकायची का नाही, कळायचं नाही. एकदा विचारलं, "पाठ आहे का?" म्हणाली, "पाठ असून काय करू? म्हशींना सांगू?"

आमच्या भांड्यांना कल्हई करणारे एक मुसलमान काका होते, पिढ्यान्‌पिढ्यांचे आमच्या आळीचे. कल्हईला हातोडा लागत नाही, भाता आणि कापूस, त्यामुळे त्यांच्या घरात सगळ्यांचे कान शाबूत. ते भांडी न्यायला आले तेव्हा मी सहज बोलले. त्यांच्याकडून काही मागावं असं मनात नव्हतं. ते म्हणाले, "भाभी, आमची सून सातवी शिकली आहे, मराठी शाळेत. हात असा पळतो तिचा. पण तिलाच विचारा, तिचे दिवस भरत आलेत. मी कोण सांगणार?"

मी त्यांच्या घरी गेले. सून भाकरी करत होती. मी सांगितलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "तीन तास बसायचंच ना? इथे तरी मी काय उडतेय?"

ऑक्टोबरच्या पेपराला ती आली. पोट एवढं होतं की बाकात मावेना, खुर्ची आणली. भावजींनी स्वतः लेकीला लोणीहून आणलं, हेही लिहायला पाहिजे. मी बाहेर उभी. आतून काही ऐकू येत नव्हतं. मला तर नाहीच, पण वर्गावरच्यांनाही नाही, असं नंतर कळलं. लेक कुजबुजायची आणि ती लिहायची. लेकीला तोवर कुजबुजता येतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. मळ्यावर शिकली असेल. तिथे तिच्याशी मोठ्याने बोलायला कोण होतं?

घंटेच्या आधी दोघी बाहेर आल्या. सून म्हणाली, "सगळं झालं. परत वाचून पण दाखवलं." एवढं बोलून भिंत धरून बसली, पाय सुजले होते तिचे. मी तिचे पाय दाबायला वाकले तर म्हणाली, "अहो, काय हे, उठा."

लेक पास झाली. फार मार्क नव्हते. टेलिफोनवर लागली. डोळे आले नाहीत, ते कुठून येणार. पुढचं तिचं तिला माहीत, ते तिने सांगावं.

आता माझं मागणं. तुम्ही हे वाचताय म्हणजे तुम्हाला डोळे आहेत आणि वाचता येतं. तुमच्या गावात दर वर्षी कुणीतरी पोरगं किंवा पोरगी रायटर शोधत हिंडत असतं. शाळेत जाऊन विचारा. नियमात बसत असलात तर एक पेपर लिहून द्या. बसत नसलात तर बसणारं माणूस शोधून द्या. तीन तासांचं काम आहे.